ढाकीदादू

हाज्रा रोडच्या मागच्या गल्लीतल्या तिमजली घरात वाढलेली आम्ही भावंडं आता पुणे, ठाणे, बंगळुरू आणि न्यू जर्सी अशी पांगलो आहोत. सख्खी, चुलत, आत्तेभावंडं मिळून मोठा गोतावळा होता तो. लग्नकार्यात एकत्र आलो की कलकत्त्याच्या घरावरून वाद सुरू होतात. गॅलरीचा कठडा हिरवा होता की निळा, गॅसची शेगडी कोणत्या वर्षी आली, आजोबांचा रेडिओ मर्फीचा होता की फिलिप्सचा, कशावरच एकमत होत नाही. ढाकीदादूंचा विषय निघाला की मात्र वाद थांबतो. कुणीतरी जेवणाच्या टेबलावर बोटांनी ठेका धरतं आणि बाकीचे लगेच सांगतात: हा षष्ठीच्या संध्याकाळचा, हा सप्तमीच्या पहाटेचा, हा विसर्जनाचा.

दुर्गापूजेत ढाक, म्हणजे मोठा ढोल, वाजवणारा तो ढाकी, आणि दादू म्हणजे आजोबा. आमचे ढाकीदादू मुर्शिदाबाद जिल्ह्यातल्या कांदीकडून यायचे. साठच्या दशकाच्या मध्यापासून ऐंशीच्या दशकापर्यंत आमच्या पाड्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, पूजेत त्यांचाच ढाक वाजला. त्यांची ध्वनिमुद्रिका निघाली नाही, रेडिओवर त्यांचं वादन लागलं नाही, वर्तमानपत्रात त्यांचा फोटो आला नाही. बंगालच्या खेड्यापाड्यांतल्या हजारो ढाक्यांचं असंच झालं. त्यांनी जे वाजवलं ते ऐकणाऱ्यांच्या कानांतच राहिलं. गेल्या दिवाळीत आम्ही ठरवलं, की ज्याला जे आठवतं ते त्याने सांगायचं आणि एकीने लिहून काढायचं. लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं.

आजोबा नोकरीसाठी कलकत्त्याला आले आणि तिथलेच झाले. भाद्रपदात महाराष्ट्र निवासातला गणपती हा आमचा हक्काचा सण. झांजा, आरत्या, मोदक, मुलांची नाटकं. आश्विन लागला की घरात दोन पंचांगं एकदम चालायची. आजीचं माहेर सोलापूरकडचं, कुलदैवत तुळजाभवानी. प्रतिपदेला देवघरात घट बसायचा. गंगेच्या मातीत धान्य पेरलेलं, रोज एक माळ, अखंड तेवणारा दिवा. शेजाऱ्यांची देवी मांडवात यायची ती षष्ठीला. आमच्या घटाला सहावी माळ चढायची त्याच संध्याकाळी खाली बोधन व्हायचं, म्हणजे देवीला जागं केलं जायचं. आजीच्या लेखी दोन्हीकडे देवी एकच होती. बंगाल्यांकडे ती माहेरवाशीण म्हणून येते, लक्ष्मी, सरस्वती, कार्तिक, गणेश या चारही मुलांना घेऊन येते, हे कळल्यावर आजीला फार बरं वाटलं होतं. “आपला गणपती आजोळी आला म्हणायचा,” असं म्हणून तिने मांडवातल्या गणेशालाही दूर्वा पाठवायला सुरुवात केली.

पूजेची पहिली चाहूल सर्वपित्री अमावास्येला लागायची. तिथे तिला महालया म्हणतात. त्या पहाटे चार वाजता घराघरांत रेडिओ लागायचा आणि ‘महिषासुरमर्दिनी’ सुरू व्हायची. संहिता बाणीकुमारांची, संगीत पंकजकुमार मल्लिकांचं, चंडीपाठ बीरेंद्रकृष्ण भद्रांचा. १९३० च्या दशकापासून चालत आलेला हा कार्यक्रम आम्ही अंथरुणात बसून, पांघरुणं अंगावर ओढून ऐकायचो. १९७६ मध्ये आकाशवाणीने तो बदलून उत्तमकुमारच्या आवाजातला नवा कार्यक्रम लावला, तेव्हा अख्खं शहर चिडलं होतं आणि जुना परत आणावा लागला होता. आपल्या कानाला लागलेलं वळण कुणी मोडलं तर बंगाली माणूस किती हळवा होतो, हे आम्ही त्या वर्षी पाहिलं. पण रेडिओ सांगायचा तो पूजा येते आहे एवढंच. पूजा आली, हे ढाकच सांगायचा.

ढाकी मिळतात ते सियालदह स्टेशनाबाहेर. ही पद्धत आजही आहे. चतुर्थी-पंचमीपासून मुर्शिदाबाद, नदिया, बांकुडा, बर्धमान अशा जिल्ह्यांतून ढाक्यांचे जथे शहरात उतरतात आणि स्टेशनाच्या आवारात बसून राहतात. ज्याचा बायना, म्हणजे आगाऊ करार, आधीच झाला आहे तो थेट आपल्या पाड्यात जातो. ज्याचा नाही त्याने तिथेच वाजवून दाखवायचं, पूजा समितीच्या माणसांनी ऐकायचं, मग बोली लागायची. पहिल्या वर्षी बाबा समितीच्या माणसांबरोबर सियालदहला गेले होते. चहूबाजूंनी ढाक घुमत असताना एक मध्यमवयीन माणूस ढाक जमिनीवर ठेवून शांत बसला होता. बाबांनी विचारलं, “तुम्ही वाजवत नाही?” तो म्हणाला, “एवढ्या गोंगाटात काय ऐकू येणार तुम्हाला? पाड्यात चला, तिथे वाजवतो. नाही आवडलं तर रात्रीच्या गाडीने परत जाईन.” त्या रात्री ते परत गेले नाहीत. पुढे दर वर्षी कांदीहून बहरमपूर आणि तिथून लालगोला पॅसेंजरने ते पंचमीला येऊन पोचायचे. निघण्याआधी एक पोस्टकार्ड यायचं. गावातल्या शाळामास्तरांनी लिहून दिलेलं, मजकूर दर वर्षी तोच: ढाक चांगला आहे, मुलगा बरोबर आहे, सगळ्यांना नमस्कार.

ढाकाची आठवण सर्वांत बारकाईने सांगतो तो दादा. त्याने तो उचलून पाहिला होता. आंब्याच्या खोडाचा तुकडा आतून कोरून केलेलं ते पिंप त्याच्या छातीपर्यंत यायचं. दोन्ही तोंडांना कातडं, वाद्या ओढून ताणलेलं. पखवाज दोन्ही बाजूंनी वाजतो, ढाकाचं एकच तोंड वाजतं, आणि तेही हाताने नाही, दोन काठ्यांनी. एक काठी वेताची, बारीक आणि लवचीक, दुसरी जराशी जाड. पट्टा खांद्यावर घेऊन ढाक अंगावर तिरका धरायचा आणि उभ्याने, चालत, वाकत, गिरक्या घेत वाजवायचा. हे ओझं घेऊन दिवसाला सहा-सात तास. दादूंच्या डाव्या खांद्यावर पट्ट्याचा काळा, घट्ट वळ कायमचा उमटला होता.

ढाकाच्या मागच्या टोकाला पांढऱ्या पिसांचा मोठा झुबका असायचा, बगळ्यांच्या पिसांचा. दादू डोलायला लागले की तो झुबका वर-खाली व्हायचा आणि लहान मुलं तो पकडायला धावायची. पुढे पक्ष्यांच्या रक्षणाचे कायदे कडक झाले, वनखात्याची माणसं सियालदहवर तपासणी करू लागली, आणि ढाक्यांनी काश गवताची फुलं, कापड, नकली पिसं लावायला सुरुवात केली. दादूंनी पिसं काढली ती कुणी सांगायच्या आधीच. त्यांच्या गावच्या बिलात, म्हणजे दलदलीच्या तळ्यात, पूर्वीइतके बगळे उतरत नाहीत, एवढंच त्यांनी कारण दिलं होतं.

हवा दमट असली की कातडं सैल पडायचं. सप्तमीला पाऊस लागला, आणि आश्विनात तो हमखास लागायचा, की दादू मांडवामागे कागद आणि नारळाच्या शेंड्या पेटवून ढाक शेकायला बसायचे. मधूनच टिचकी मारून कान लावायचे, पुन्हा शेकायचे. आम्ही चार-पाच जण भोवती कोंडाळं करून बसलेलो. आम्ही नुसता तापता ढाक पाहायचो, ते ऐकायचे. “अजून ओला बोलतोय,” असं म्हणायचे, आणि थोड्या वेळाने आम्हालाही तो ओला आवाज ऐकू यायला लागायचा. आमच्या पिढीचं संगीतशिक्षण तिथे, त्या धुरात झालं.

त्या पाच दिवसांत घरातल्या घड्याळाकडे कुणी बघत नसे. ढाक ऐकून आईला कळायचं की अंजली सुरू व्हायला आली, मुलींनी आता साड्या नेसायला हव्यात. ढाक ऐकून आजोबांना कळायचं की दुपारचा भोग चढला, आता पंगतीला खिचुडी आणि लाबड्याची भाजी येणार. प्रत्येक विधीचं वादन वेगळं असतं, आणि ते वेगळं असायलाच हवं हा दादूंचा कटाक्ष. हल्ली पुष्कळ ठिकाणी सकाळपासून रात्रीपर्यंत एकच जलद ठेका ऐकू येतो, तेव्हा आम्हाला दादूंचा तो कटाक्ष आठवतो.

षष्ठीचं बोधन संथ. दोन आघातांमध्ये एवढी जागा की मधे माणसांचं कुजबुजणं ऐकू यावं. देवीला एकदम दचकवून उठवायचं नाही, असं ते म्हणायचे. सप्तमीच्या पहाटे कलाबऊचं स्नान. नऊ वनस्पती एकत्र बांधतात, केळीचं रोप त्यांतलं मुख्य, त्यांना नवपत्रिका म्हणतात. ती गंगेवर नेऊन न्हाऊ घालायची, लाल काठाची साडी नेसवून घुंघट काढून आणायची आणि गणेशाच्या शेजारी उभी करायची. आमच्या पाड्याची मिरवणूक कालीघाटच्या आदिगंगेपर्यंत जायची. अंधार पुरता सरलेला नसायचा. जाताना ढाकाची चाल मोकळी, पावलं पटपट उचलावीत अशी. येताना तोच ठेका जड व्हायचा, कारण आता बरोबर नवी नवरी आहे आणि तिने भरभर चालायचं नसतं. हा फरक दादूंनी कधी समजावून सांगितला नाही. आमच्या धाकट्या आत्याने तो ओळखला आणि विचारलं, तेव्हा ते इतके खूश झाले की परतीच्या वाटेवर तिच्या बाजूला वळून वळून वाजवत राहिले. सत्तरी ओलांडलेली आत्या आजही ते सांगताना खुर्चीत ताठ बसते.

संध्याकाळच्या आरतीत ढाक आणि धुनुची यांची जुगलबंदी. धुनुची म्हणजे मातीचं धुपाटणं. नारळाच्या शेंड्या पेटवून त्यावर राळ टाकलेली. ते हातात घेऊन, कधी दातांत धरून माणसं नाचायची. नाचणारा दमला की दादूंना त्याच्या पावलांवरून कळायचं. ते लय उतरवून त्याला श्वास घ्यायला जागा करून द्यायचे, मग पुन्हा चढवायचे. आमचा एक चुलतभाऊ भलताच लाजाळू होता. त्याच्या हातात एका वर्षी कुणीतरी धुनुची दिली. दादू त्याच्यासमोर गुडघ्यांत वाकून, ढाक जवळजवळ जमिनीला टेकवून, अगदी हळू वाजवायला लागले. पाच मिनिटांनी तो मुलगा सगळा मांडव विसरून नाचत होता. “मला तोपर्यंत कुणी एवढं नीट पाहिलं नव्हतं,” असं तो भाऊ आज म्हणतो.

सगळ्यांत कठीण संधिपूजा. अष्टमीची शेवटची २४ मिनिटं आणि नवमीची पहिली २४, मिळून ४८ मिनिटांचा तो काळ. याच संधीला देवीने चामुंडेचं रूप घेऊन चंड-मुंडांना मारलं असं मानतात. १०८ दिवे लावायचे, १०८ कमळं वाहायची. तिथी असेल त्याप्रमाणे ती कधी भर दुपारी यायची, कधी मध्यरात्री. या काळात ढाकाने थांबायचं नसतं. सत्तरच्या दशकात कलकत्त्यात रोज तासन्‌तास वीज जायची. एका वर्षी ऐन संधिपूजेत दिवे गेले, लाउडस्पीकर बंद पडला, पंखे थांबले. १०८ पणत्यांच्या उजेडात फक्त ढाक उरला. ताई म्हणते, की लाउडस्पीकरशिवाय ढाक किती मोठा असतो हे आपल्याला त्या रात्री कळलं. आवाज जमिनीतून पायांत शिरत होता, पोटात घुमत होता. वीज परत आली तेव्हा समितीतल्या एका वयस्कर गृहस्थांनी हात वर करून स्पीकर बंदच ठेवायला सांगितला.

दादूंच्या बाजूला एक लहान मुलगा काशी वाजवायचा. काशी म्हणजे काशाची छोटी थाळी, दोरीने लटकवलेली, काठीने वाजवायची. बघणाऱ्याला वाटतं की पोराला काहीतरी काम दिलंय. खरं तर तीच शाळा असते. ढाक किती फिरला, किती उड्या मारल्या, तरी काशीने लय सोडायची नाही. तीन-चार वर्षं काशी नीट वाजवली की मगच हातात ढाकाच्या काठ्या मिळायच्या. हा त्यांचा मुलगा, आमच्या धाकट्याच्या वयाचा. दुपारी मांडव रिकामा झाला की दोघं आमच्या घराच्या ओट्यावर बसायचे. मुलगा पायरीच्या दगडावर काठ्यांनी सराव करायचा, दादू डोळे मिटून पडलेले असायचे, आणि चूक झाली की न उठता फक्त तर्जनी वर करायचे. दादानेही काठ्या मागून घेतल्या. दादूंनी त्याला पहिली गोष्ट सांगितली ती अशी, की बसून शिकू नकोस. चालत वाजव. जो चालताना वाजवू शकत नाही तो ढाकी नव्हे. मग दादा दुपारभर ओट्यापासून कोपऱ्यावरच्या नळापर्यंत बिस्किटाचा डबा बडवत फिरायचा.

या सगळ्या वैभवात दादूंची जागा कुठे होती, हेही आमच्या पिढीने पाहिलं आहे. ढाक वाजवणारे बहुतेक जण बायेन, रुईदास, ऋषी, डोम अशा जातींचे. त्यांतल्या बऱ्याच कातड्याचं काम करणाऱ्या, आणि म्हणून शतकानुशतकं गावाबाहेर ठेवलेल्या. ढाकाशिवाय देवी जागी होत नाही, आणि ढाकी मात्र गाभाऱ्यापासून दूर उभा. शहरातल्या सार्वजनिक पूजेत हे थोडं सैल झालं होतं. तरी ढाकी मांडवामागे झोपायचा, त्याचं पान पंगत उठल्यावर वाढलं जायचं, त्याला पाणी वेगळ्या भांड्यात मिळायचं. महाराष्ट्रात हलगी वाजवणाऱ्या मातंगाच्या वाट्याला जे आलं, त्याचाच हा पूर्वेकडचा प्रकार. देवाच्या दारात वाजवायला हवा असलेला हात घरात मात्र नको असायचा.

आमच्या आजीने हे मोडलं ते खंडेनवमीला. त्या दिवशी ती हत्यारांची पूजा करायची. विळी, अडकित्ता, आजोबांचं पेन, आत्याचं शिवणयंत्र, सगळं पाटावर. एका नवमीला तिने दादूंना निरोप पाठवला, की ढाक घेऊन वर या. ते आले आणि दाराशीच थांबले. आजीला बंगाली बेताचंच यायचं, त्यांना मराठी अजिबात नाही. तिने देवघरासमोर एक पाट मांडला, त्यावर तांदूळ पसरले आणि हाताने दाखवलं, की ढाक इथे ठेवा. मग त्या कातड्याला तिने हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं, ओवाळलं. सोवळंओवळं काटेकोर पाळणारी आमची आजी ती. जिन्यातल्या एका शेजारणीने नापसंती दाखवली, तेव्हा आजी म्हणाली, “देवीला उठवतो तो हा. याचं आयुध आधी पुजायचं.” पुरणपोळीचं ताट दादूंनी घरात बसून, सगळ्यांच्या पंगतीत खाल्लं. त्यानंतर आजी होती तोवर दर नवमीला हे झालं, आणि ती गेल्यावर आईने चालू ठेवलं.

त्या पहिल्या नवमीलाच आजीने त्यांना आपल्या माहेरच्या गोंधळाविषयी सांगितलं, बाबा दुभाषी. संबळ कसा असतो, दोन वाद्यं एकत्र बांधलेली, एक काठी टोकाला वाकडी, गोंधळी ते कमरेला बांधून देवीपुढे रात्रभर कसे उभे राहतात. दादूंनी फार बारकाईने विचारलं: वाकडी काठी कोणत्या हातात, रात्री लय केव्हा चढते, बरोबर कोण असतं. मग आजीने बोटांनी पाटावर संबळाची चाल वाजवली. ती वाजवू शकते हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. दादूंनी ती दोनदा ऐकली आणि काठ्यांनी ढाकावर हळूच उतरवली. तुळजापूरची देवी आणि कांदीचा ढाक यांची गाठ आमच्या देवघरात पडली. पुढच्या वर्षी नवमीच्या आरतीत त्यांनी मधेच तीच चाल घेतली आणि मान वर करून आमच्या गॅलरीकडे पाहिलं. आजी तिथे उभीच होती.

१९७८ चा सप्टेंबर संपता संपता पश्चिम बंगालमध्ये महापूर आला. कलकत्त्यात आमच्या गल्लीत कमरेएवढं पाणी होतं. पण खरी वाताहत जिल्ह्यांत झाली. दामोदर, अजय, मयूराक्षी एकदम फुगल्या. कांदीचा भाग मयूराक्षीच्या पाण्याखाली गेला. पूजा अगदी तोंडावर. पोस्टकार्ड आलं नाही. समितीने दुसरा ढाकी पाहायचा विचार केला, आमच्या घरातून आणि आणखी दोन-तीन घरांतून लोकांनी थांबायला लावलं. षष्ठीच्या दुपारी दादू आले. घर पडलेलं, भात कुजलेला, गाय वाहून गेलेली. मुलगा आणि ढाक दोन्ही सांभाळले होते. पाणी चढायला लागलं तेव्हा त्यांनी ढाक आंब्याच्या झाडावर बांधून ठेवला होता. कातडं गेलं होतं. बाबा त्यांना घेऊन तडक वाद्यांच्या दुकानात गेले, नवं कातडं चढवलं, आणि संध्याकाळचं बोधन थोडं उशिरा पण त्यांच्याच हातून झालं. त्या वर्षी विजयादशमीनंतर पाड्याने त्यांना ठरलेल्या बिदागीच्या कितीतरी पट दिलं. भांडी, कपडे, तांदूळ, कंदील, मुलाची पुस्तकं. ट्रकभर सामान निघालं. ढाक्याचं आणि पाड्याचं नातं पाच दिवसांच्या बायन्यापेक्षा मोठं असतं, हे आम्हा मुलांना त्या ट्रकने शिकवलं.

एरवीही दशमीनंतरचा दिवस त्यांचा असायचा. आदल्या रात्री बाबूघाटावर मूर्ती गेलेली. विसर्जनाच्या ढाकात बंगाली मुलं शब्द ऐकतात, देवी आणखी किती वेळ राहणार असं तो विचारतो म्हणतात. दुसऱ्या दिवशी मांडव ओका झालेला असताना दादू आणि मुलगा घरोघर जायचे, दारात थोडं वाजवायचे, आणि घराघरांतून पैसे, जुने कपडे, नारळाचे लाडू मिळायचे. आमच्याकडे दसऱ्याचं सोनं असायचं. देशावरून काका पाकिटातून आपट्याची पानं पाठवायचे. त्यांतलं एक दादूंच्या हातावर ठेवलं जायचं. ते पान दादू पगडीसारख्या गुंडाळलेल्या गमछ्यात खोचून ठेवायचे. मग कालीपूजेपर्यंत कुठे काम मिळालं तर ठीक, नाहीतर गाव. चैत्रात शिवाच्या गाजनाला आणि चरकाच्या जत्रेला पुन्हा ढाक लागायचा. मधले सगळे महिने दुसऱ्यांच्या शेतावर मजुरी.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी त्यांचा खांदा साथ देईना. दोन वर्षं मुलाने ढाक घेतला आणि दादू काशी वाजवायला उभे राहिले. लहानपणी जिथून सुरुवात केली होती तिथे ते अगदी मोकळ्या मनाने परत आले, आणि त्यांच्या काशीची लय मुलाला तोलून धरत राहिली. नंतरच्या एका हिवाळ्यात मुलाच्या अक्षरात पोस्टकार्ड आलं. ते त्याने स्वतः लिहिलं होतं. ढाकीदादू गेले होते.

आमचं घर पुढे बिल्डरने पाडलं. दादूंचा मुलगा काही वर्षं येत राहिला. त्याचा मुलगा केरळात गवंडीकामाला गेला, मुर्शिदाबादचे हजारो तरुण जातात तसा. मांडवांत टेपवरचा ढाक वाजू लागला. २०२० मध्ये करोनामुळे उच्च न्यायालयाने मांडवांत प्रेक्षकांना मनाई केली, तेव्हा सियालदहबाहेर बसून राहिलेल्या ढाक्यांची छायाचित्रं आम्ही आपापल्या शहरांतून पाहिली आणि एकमेकांना फोन केले. राज्य सरकारच्या लोकप्रसार प्रकल्पातून नोंदणी झालेल्या लोककलावंतांना महिन्याला थोडा भत्ता मिळू लागला. तेवढ्यावर घर चालत नाही, तरी कलावंत म्हणून नोंद होते, हे मोलाचं आहे. डिसेंबर २०२१ मध्ये युनेस्कोने कोलकात्याच्या दुर्गापूजेला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं, आणि त्या नोंदीत बंगालच्या पारंपरिक ढाकवादनाचा उल्लेख आहे. २०२५ मध्ये उत्तर २४ परगण्यातल्या मछलंदपूरचे ढाकी गोकुलचंद्र दास यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांनी दीडशेहून अधिक स्त्रियांना ढाक शिकवला, नेहमीपेक्षा दीड किलो हलका ढाक तयार केला. बापाकडून मुलाकडेच जाणारी विद्या आता सुना-लेकींच्या खांद्यावर आली आहे. ज्यांच्या आया-आज्यांनी हा ढाक फक्त दुरून ऐकला, त्या आज मांडवात उभ्या राहून देवीला जागं करतात. ही बातमी वाचून आत्या म्हणाली, की दादू असते तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला असता, “चालत वाजवतात ना?”

वादकाचा वारसा म्हटलं की आपण त्याचे शिष्य मोजतो. आम्ही भावंडांनी हे सगळं एकत्र मांडलं तेव्हा लक्षात आलं, की दादूंनी मुलाच्या हातांइतकेच आमचे कानही घडवले. आमच्यातलं कुणीही वादक झालं नाही. पण लाजणाऱ्या नर्तकासाठी लय कशी उतरवतात, नवरीबरोबर ढाक कसा जड पावलांनी चालतो, ओलं कातडं कसं बोलतं, हे आम्हाला कळतं. ऐकणारा जाणता असेल तर वाजवणारा आपलं सगळं बाहेर काढतो. ऐकणाराच नसेल तर चांगला ढाकीही दिवसभर एकच ठेका मारून पैसे घेऊन जाईल, आणि त्याच्याबरोबर बोधन, कलाबऊ, संधी यांचे वेगवेगळे आवाज जातील.

म्हणून आता आम्ही एक करतो. मुंबईत शिवाजी पार्कला बेंगाल क्लबच्या पूजेत, पुण्या-ठाण्याच्या बंगाली मंडळांत दर वर्षी बंगालहून ढाकी येतात. आमच्यातलं जे जवळ असेल ते मुलानातवंडांना घेऊन सप्तमीच्या सकाळी जातं. ढाक्याला गाव विचारतो, गुरू विचारतो, आणि कलाबऊची परतीची चाल वाजवाल का, असं विचारतो. बहुतेक वेळा समोरच्या माणसाचा चेहरा बदलतो, तो पट्टा नीट करतो आणि मन लावून वाजवायला लागतो. तुमच्या शहरात पूजा असेल तर तुम्हीही हे करा. संधिपूजेच्या वेळी लाउडस्पीकर बंद ठेवायला सांगा, ढाक्याचं पान आपल्या पंगतीत मांडा, त्याची बिदागी दशमीच्या आत त्याच्या हातात पडेल असं पाहा, आणि लहान मुलांना अगदी जवळ उभं करा, ढाकाचा आवाज जमिनीतून त्यांच्या पायांत शिरेल इतकं जवळ.